परतून आलेल्यांचा देश

दुपारचे बारा वाजले की जपानमधल्या विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये लांबलचक रांग लागते. भात, मिसो सूप आणि तळलेल्या माशाचा तुकडा ट्रेमध्ये घेऊन पुढे सरकणाऱ्या मुलांमध्ये एखादी मुलगी वर्षभरासाठी एक्स्चेंजवर आलेली असते. गल्ल्यापाशी ती हजार येनची नोट पुढे करते. नोटेवर चेहरा असतो शिबासाबुरो कितासातो यांचा. हे गृहस्थ १८८६ मध्ये बर्लिनला गेले, रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत राबले आणि १८८९ मध्ये त्यांनी धनुर्वाताचे जंतू प्रथमच निर्भेळ स्वरूपात वाढवून दाखवले. पाकिटात पाच हजारांची नोट असेल तर तिच्यावर उमेको त्सुदा आहेत. त्या तर सहा वर्षांच्या असताना शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या होत्या. दहा हजारांच्या नोटेवरचे एइइची शिबुसावा १८६७ मध्ये शिष्टमंडळाबरोबर पॅरिसला गेले आणि बँक कशी चालते, कंपनी कशी उभी राहते, हे तिथे पाहून आले.

या नोटा जुलै २०२४ मध्ये चलनात आल्या. पण हा काही नवा प्रकार नाही. १९८४ मध्ये निघालेल्या मालिकेत हजाराच्या नोटेवर सोसेकी नात्सुमे होते. हे कादंबरीकार दोन वर्षं लंडनमध्ये शिकत होते. पाच हजारांवर होते इनाझो नितोबे, अमेरिकेत आणि जर्मनीत शिकून आलेले. त्याही आधी हजाराच्या नोटेवर हिरोबुमी इतो होते. ते लंडनला कसे पोहोचले, ही गोष्ट पुढे येईलच.

राजे, सेनापती, क्रांतिकारक यांचे चेहरे नोटांवर छापणारे देश पुष्कळ आहेत. पण परदेशी शिकून परत आलेल्या विद्यार्थ्यांना इतक्या वेळा नोटेवर बसवणारा दुसरा देश मला माहीत नाही. जपानच्या इतिहासात जरा आत शिरलं की त्याचं कारण कळतं आणि मन थक्क होतं. आजचा एक्स्चेंज विद्यार्थी तिथे ज्या वर्गात बसतो, ज्या क्रमाने शब्दकोश चाळतो, ज्या रेल्वेने कॉलेजला जातो, त्यातलं बरंचसं त्याच्यासारख्याच कुणा विद्यार्थ्याने समुद्रापलीकडून आणलेलं आहे.

आज अशा शिक्षणासाठी जायचं तर व्यवस्था अगदी सुटसुटीत आहे. दोन विद्यापीठं आपसात करार करतात. तुमचे विद्यार्थी आमच्याकडे येतील, आमचे तुमच्याकडे, आणि प्रत्येकाने फी आपापल्या घरच्या विद्यापीठातच भरायची. जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांची प्रमाण फी वर्षाला ५,३५,८०० येन आहे, आणि करारावर गेलेल्याला ती माफ असते. शिवाय जॅसो या सरकारी संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ८०,००० येन हातात येतात. जपान सरकारची स्वतःची शिष्यवृत्ती १९५४ पासून चालू आहे. जपानी भाषा आणि संस्कृती हाच विषय घेऊन शिकणाऱ्या परदेशी पदवी-विद्यार्थ्यांसाठी तिच्यात एका वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. ही झाली आजची गोष्ट. आता चौदाशे वर्षं मागे जाऊ.

इ. स. ६०८ मध्ये जपानच्या दरबाराने चीनला जे शिष्टमंडळ पाठवलं, त्याच्याबरोबर आठ विद्यार्थी आणि भिक्षू होते. त्यातले काही तीस-तीस वर्षं तिथे राहिले. गेले तेव्हा ऐन तारुण्यात होते, आले तेव्हा केस पिकलेले. पण ६४५ मध्ये जपानमध्ये राज्यकारभाराची नवी घडी बसवायची वेळ आली, तेव्हा नव्या सरकारने सल्लागार म्हणून नेमले ते यांच्यातलेच दोघे. जमिनीची मोजणी, कर, अधिकाऱ्यांच्या श्रेणी ही सगळी व्यवस्था त्यांनी चीनमध्ये डोळ्यांनी पाहिली होती.

पुढची दोनेकशे वर्षं या मोहिमा चालू राहिल्या. ७१७ च्या मोहिमेत दोन तरुण एकत्र निघाले. किबी नो माकिबी अठरा वर्षांनी परतला, पंचांगापासून वाद्यांपर्यंत आणि ग्रंथांपासून शस्त्रांपर्यंत नाना गोष्टी घेऊन, आणि पुढे मंत्रिपदापर्यंत चढला. तो मूळचा आजच्या ओकायामा भागातला. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते ज्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलं आहे, तेच हे ओकायामा. दुसरा तरुण आबे नो नाकामारो. तो चीनच्या दरबारात अधिकारी झाला, ७५३ मध्ये परतायला निघाला, पण वादळाने जहाज पार व्हिएतनामच्या किनाऱ्याला नेऊन टाकलं. तो पुन्हा चीनच्या राजधानीत आला आणि ७७० मध्ये तिथेच वारला. घरी येणं झालंच नाही.

आणि तिसरा एक जण, ज्याच्याबद्दल २००४ पर्यंत जगाला काहीच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी चीनमधल्या शिआन शहरात, म्हणजे जुन्या चांगआनमध्ये, एक कोरीव शिळा सापडल्याचं जाहीर झालं. हा एका जपानी विद्यार्थ्याचा मृत्युलेख होता. ७३४ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो शिकता शिकता वारला. बादशहाने हळहळून त्याला मरणोत्तर पद दिलं, असं शिळेवर कोरलं आहे. चिनी पद्धतीने लिहिलेलं त्याचं नाव तेवढं कळतं, त्याचं जपानी घराणं कुठलं यावर विद्वान अजून वाद घालतात. पण त्या मजकुरात त्याच्या देशाचं नाव निहोन असं लिहिलं आहे, आणि हे नाव कोरलेल्या सर्वांत जुन्या पुराव्यांमध्ये ही शिळा मोडते. परदेशात मरण पावलेल्या एका विद्यार्थ्याच्या दगडावर त्याच्या देशाचं नाव साठवून राहावं, हे मला विलक्षण वाटतं.

मात्र या सगळ्यांत ज्याने मराठी वाचकाच्या अगदी दारापर्यंत यावं असं काही केलं, तो म्हणजे कूकाई.

८०४ मध्ये चार जहाजं जपानहून निघाली आणि त्यातली दोनच चीनला पोहोचली. पोहोचलेल्यांपैकी एकावर तीस वर्षांचा कूकाई होता. त्याला वीस वर्षं राहून शिकण्याचा हुकूम होता. चांगआनमध्ये त्याला हुइगुओ नावाचे गुरू भेटले, आणि भारताकडून आलेले प्रज्ञा नावाचे भिक्षूही भेटले. प्रज्ञांकडे तो संस्कृत शिकला. हुइगुओंनी आपली सगळी विद्या काही महिन्यांत त्याच्या स्वाधीन केली आणि ते वारले. कूकाई ८०६ मध्येच परतला. वीस वर्षांचा वायदा दोन वर्षांत मोडणं हा गुन्हा होता. म्हणून त्याने दरबाराला आणलेल्या ग्रंथांची, चित्रांची आणि विधींच्या उपकरणांची तपशीलवार यादी सादर केली. एवढं आणलं आहे, वेळ वाया घालवलेला नाही, असा त्याचा युक्तिवाद. तरीही राजधानीत पाऊल ठेवायला त्याला तीनेक वर्षं थांबावं लागलं.

त्या सामानात संस्कृत मंत्र लिहिण्याची सिद्धम् लिपी होती. ही ब्राह्मीच्याच वंशातली, म्हणजे आपल्या देवनागरीची भाऊबंद. भारतात ती कधीच मागे पडली. जपानच्या मठांत मात्र भिक्षू पिढ्यान् पिढ्या ती गिरवत राहिले. अक्षरं गिरवताना त्यांना कळलं की भारतीय वर्णमाला म्हणजे नुसती यादी नव्हे. कंठापासून ओठापर्यंत आवाज जिथे जिथे उमटतो, त्या क्रमाने ती मांडलेली आहे. मग अकराव्या शतकाच्या आसपास या अभ्यासातूनच जपानी अक्षरांचाही तसाच तक्ता तयार झाला.

तो तक्ता असा: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा.

मराठी माणसाने हे एकदा मोठ्याने म्हणून पाहावं. पहिल्या ओळीत आपलेच स्वर, आपल्याच क्रमाने, दीर्घ आणि जोडस्वर तेवढे गाळून. दुसऱ्या ओळीत क-वर्ग आधी, त-वर्ग मधे, त्याचं अनुनासिक न त्याच्यामागे, पुढे म, आणि शेवटी य, र, व. आपल्याला खटकतात ती दोनच अक्षरं. च यायला हवा तिथे सा कसा आला, आणि प यायला हवा तिथे हा कसा? याचं उत्तर अजूनच सुंदर आहे. प्राचीन जपानीत सा हा आवाज च किंवा त्स याच्या जवळचा होता असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि आजचा हा त्या काळी पा होता. उच्चार शतकांच्या ओघात घसरत गेले, तक्ता मात्र जागचा हलला नाही. म्हणून जपानी भाषेचा प्राचीन उच्चार कसा असावा याचा अंदाज बांधताना हा तक्ताही पुरावा म्हणून कामी येतो.

जपानी लोक पुष्कळ काळ शब्दांच्या याद्या एका कवितेच्या क्रमाने लावत. १८८९ ते १८९१ या काळात प्रसिद्ध झालेल्या गेनकाई या मोठ्या शब्दकोशाने हा भारतीय वळणाचा क्रम घेतला आणि पुढे तोच रूढ झाला. आज जपानी वर्गात हजेरी याच क्रमाने होते, फोनमधली नावं याच क्रमाने लागतात. पुण्याहून किंवा नाशिकहून गेलेली मुलगी पहिल्या दिवशी जपानी शब्दकोश उघडते तेव्हा तो कसा चाळायचा हे तिच्या बोटांना जवळजवळ आधीच ठाऊक असतं. युरोपातून किंवा अमेरिकेतून आलेल्या तिच्या वर्गमित्रांना हा क्रम पाठ करावा लागतो.

आणि कधी एखाद्या देवळामागच्या स्मशानात डोकवा. थडग्यांच्या मागे लाकडाच्या उंच, अरुंद पट्ट्या उभ्या केलेल्या असतात. त्यांचा वरचा भाग कडेने खाचा पाडून कोरलेला असतो. त्यावर शाईने एकाखाली एक पाच अक्षरं लिहिलेली दिसतात. जाड कुंचल्याची ती वळणं पहिल्यांदा चिनी वाटतात, पण चिनी नसतात. ही सिद्धम् अक्षरं आहेत: वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. म्हणजे आपली पंचमहाभूतं. मेलेला माणूस पाच तत्त्वांत विलीन झाला, हे टोकियोतल्या एखाद्या साध्या कुटुंबाच्या थडग्यावर आजही संस्कृत बीजाक्षरांत लिहिलं जातं. लिहिणारा भिक्षू ती अक्षरं आपल्या गुरूकडून शिकलेला असतो, गुरू त्याच्या गुरूकडून. ही साखळी मागे नेत गेलं की ती चीनला गेलेल्या कूकाईसारख्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते.

कूकाईने वाकायामा प्रांतातल्या कोया पर्वतावर मठ वसवला. क्योतोमध्ये ८२८ मध्ये सामान्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि तिथे शिक्षक आणि विद्यार्थी दोघांच्याही जेवणाची सोय केली. कोया पर्वतावर आज एक विद्यापीठ आहे, आणि तिथे २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. त्याच्या अनावरणाला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री गेले होते. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून आपल्या माणसांसाठी परतलेला एक विद्यार्थी चांगआनमध्ये शिकून परतलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या डोंगरावर उभा आहे. दोघांमध्ये अकराशे वर्षांचं अंतर आहे. एक्स्चेंजवर जाणाऱ्या मराठी मुलांनी ओसाकाहून एक दिवस काढून तिथे जावंच, असं मला मनापासून वाटतं.

मधली शतकं झपाट्याने ओलांडू. सतराव्या शतकात तोकुगावा राज्यकर्त्यांनी दारं लावून घेतली. १६३० च्या दशकापासून जपानी माणसाने परदेशी जाणं हा देहदंडाचा गुन्हा ठरला. म्हणून १८६३ मध्ये चोशू प्रांतातले पाच तरुण सामुराई गुपचूप इंग्रजी जहाजांवर चढले, तेव्हा पकडले गेलो तर काय होईल हे त्यांना पक्कं माहीत होतं. असं सांगतात की कशासाठी जाताय या प्रश्नाला त्यांना नॅव्हिगेशन, म्हणजे नौकानयन, एवढाच इंग्रजी शब्द सांगता आला. मग कप्तानाने त्यातल्या दोघांना लंडनपर्यंत खलाशाच्या कामाला जुंपलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांचा सांभाळ केला तो अलेक्झांडर विल्यमसन या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी.

या पाच जणांचं पुढे काय झालं ते पाहिलं की अंगावर काटा येतो. हिरोबुमी इतो १८८५ मध्ये देशाचे पहिले पंतप्रधान झाले. काओरू इनोउए परराष्ट्रमंत्री झाले. मासारू इनोउए यांच्याकडे रेल्वे आली. टोकियो स्टेशनच्या समोर आज त्यांचा पुतळा आहे. योझो यामाओ दिवसा ग्लासगोच्या जहाज कारखान्यात काम करत आणि संध्याकाळच्या वर्गाला जात. जपानचं पहिलं अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं ते त्यांच्या खटपटीने. पाचवे किन्सुके एन्दो ओसाकाच्या टांकसाळीचे प्रमुख झाले. टांकसाळीच्या आवारातली चेरीची झाडं फक्त नोकरांनीच का पाहायची, म्हणून त्यांनी १८८३ मध्ये ती वाट लोकांसाठी खुली केली. दर वसंतात ती अजूनही खुली होते आणि ओसाकाचे एक्स्चेंज विद्यार्थी तिथे फोटो काढतात.

१८७१ मध्ये सरकारनेच आपले निम्मे मंत्री घेऊन जगाची पाहणी करायला इवाकुरा शिष्टमंडळ पाठवलं. त्याबरोबर विद्यार्थी होते आणि त्यात पाच मुली होत्या. सर्वांत धाकटी उमेको त्सुदा. अकरा वर्षांनी ती परतली तेव्हा आईशी बोलायला तिला दुभाषा लागावा इतकी ती जपानी विसरली होती. भाषा तिने पुन्हा मिळवली. मग पुन्हा अमेरिकेला जाऊन जीवशास्त्र शिकली आणि बेडकाच्या अंड्यावर थॉमस हंट मॉर्गन यांच्याबरोबर शोधनिबंध लिहिला. १९०० मध्ये तिने मुलींसाठी शाळा काढली. तिचंच आज विद्यापीठ झालं आहे.

या काळातला एक फोटो आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय. तीन परदेशी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. साडीतल्या आनंदीबाई जोशी आपण लगेच ओळखतो. किमोनोतल्या केइको ओकामी, आणि तिसऱ्या सिरियाच्या सबात इस्लांबूली. आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. ओकामी १८८९ मध्ये पदवी घेऊन मायदेशी परतल्या आणि तिथे त्यांनी डॉक्टरी केली. एकाच बाकावरून उठलेल्या दोन मुलींपैकी एकीला आयुष्य मिळालं आणि एकीला मिळालं नाही. आनंदीबाईंनी परतून काय काय केलं असतं, हा प्रश्न तो फोटो पाहिल्यावर पाठ सोडत नाही.

परतलेल्या या पिढीचं सर्वांत मोठं काम डोळ्यांना दिसत नाही. टोकियो विद्यापीठ १८७७ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे शिकवणारे बरेचसे परदेशी होते आणि व्याख्यानं इंग्रजीत, जर्मनीत चालत. सरकार त्यांना भरभक्कम पगार देई. पण हेतू स्पष्ट होता: आपले विद्यार्थी परत आले की या खुर्च्या त्यांच्या. आणि तसंच झालं. परत आलेल्यांनी नुसतं शिकवलं नाही, शिकवण्यासाठी भाषा घडवली. हॉलंडच्या लायडनमध्ये शिकलेल्या आमाने निशी यांनी तत्त्वज्ञान आणि विज्ञानातल्या कित्येक कल्पनांना जपानी शब्द दिले, आणि त्यातले बरेचसे पुढे चिनी भाषेनेही उचलले. दोन पिढ्यांत कायदा, वैद्यक, पदार्थविज्ञान सारं जपानीत शिकता येऊ लागलं.

याचं फळ पाहा. हिदेकी युकावा यांना १९४९ मध्ये जपानचं पहिलं नोबेल मिळालं ते क्योतो आणि ओसाका इथेच घडलेल्या कामासाठी. आणि २००८ मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल घेणारे तोशिहिदे मासुकावा तोवर कधी परदेशीच गेले नव्हते. स्टॉकहोमला त्यांनी आपलं नोबेल व्याख्यान जपानीत दिलं. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनी काम असं चोख केलं की पुढच्यांना जाण्याची गरजच उरली नाही. आपल्याकडे पदवीचं विज्ञान मराठीत आणण्याचे प्रयत्न अनेकांनी जीव ओतून केले आहेत. त्यांना हा इतिहास परका वाटणार नाही.

मग प्रवाह उलटा वाहू लागला. १८९६ मध्ये चीनहून तेरा विद्यार्थी जपानला आले आणि रशियाशी झालेल्या युद्धाच्या सुमारास त्यांची संख्या हजारांवर गेली. त्यातला एक १९०४ मध्ये सेन्दाई शहरातल्या वैद्यकीय शाळेत दाखल झाला. शरीररचना शिकवायला होते गेनकुरो फुजिनो. काही दिवसांनी त्यांनी या परदेशी मुलाला बोलावून विचारलं, व्याख्यानं उतरवून घेता येतात का? वही दाखव. वही परत आली तेव्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल शाई होती. सुटलेले मुद्दे भरलेले, शिरांच्या आकृत्या सुधारलेल्या, एवढंच काय, व्याकरणाच्या चुकाही दुरुस्त केलेल्या. हे दर आठवड्याला चालू राहिलं. मुलगा डॉक्टर झाला नाही. १९०६ मध्ये शिक्षण सोडून तो साहित्याकडे वळला आणि लू शून या नावाने आधुनिक चिनी साहित्याचा प्रवर्तक ठरला. फुजिनो यांच्यावर त्याने १९२६ मध्ये लेख लिहिला. त्यांचा फोटो त्याच्या बीजिंगच्या घरातल्या भिंतीवर असे. सेन्दाईची ती पायऱ्यांची वर्गखोली आता तोहोकु विद्यापीठाच्या आवारात जपून ठेवली आहे.

महाराष्ट्रालाही या उलट्या प्रवाहाने हात लावला. तळेगावला १९०८ मध्ये लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, टिळकांच्या पाठबळाने. तो उभा करणारे ईश्वरदास वार्ष्णेय काचेचं तंत्र शिकले होते जपानमध्ये आणि अमेरिकेत. आणि धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. ते विद्यापीठ १९०१ मध्ये जिन्झो नारुसे यांनी काढलं होतं, आणि नारुसे स्वतः अमेरिकेत शिकून परतलेले. पुस्तिका वाचून कर्व्यांच्या मनात महिला विद्यापीठाचा विचार पक्का झाला, १९१५ च्या सामाजिक परिषदेत त्यांनी तो अध्यक्ष म्हणून मांडला आणि १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ सुरू झालं. अमेरिकेहून टोकियोला गेलेली कल्पना पुण्याजवळच्या हिंगण्याला अशी पोहोचली. ती पोहोचवायला एक पातळ पुस्तिका पुरली.

हे सारं मनात ठेवून आजच्या विद्यापीठात गेलं की तिथल्या साध्या गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. झेमी घ्या. तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या दहा-पंधरा जणांच्या गटात जातात. आठवड्यातून एकदा टेबलाभोवती बसायचं, एकाने वाचलेलं मांडायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. ही पद्धत जर्मनीच्या सेमिनारवरून आलेली. पण जपानमध्ये तिला सहली, एकत्र जेवणं आणि पदवीनंतरही टिकणारी मैत्री चिकटली. विज्ञान शाखेत झेमीच्या जागी केनक्यूशित्सू असते, म्हणजे प्राध्यापकाची संशोधन-खोली. तिथे विद्यार्थ्याला स्वतःचं टेबल मिळतं. हे टेबल फार मोलाचं आहे. त्यावर तुमचं नाव असतं, शेजारचा सीनियर यंत्र कसं चालवायचं ते दाखवतो, कोपऱ्यात पाणी उकळायची किटली असते आणि रात्री नऊलाही कुणीतरी असतंच. एक्स्चेंजला आलेल्या माणसाला तिथे कोणी पाहुणा म्हणून बसवून ठेवत नाही. झाडायची पाळी आली की त्याच्याही हातात झाडू येतो.

बरीच विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याच्या जोडीला एक जपानी विद्यार्थी ट्यूटर म्हणून देतात आणि त्याला त्याचं मानधनही देतात. पहिल्या आठवड्यात त्याची खरी गरज पडते. विमानतळावर निवासपत्र मिळालेलं असतं. राहायची जागा ठरली की चौदा दिवसांत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन त्यावर पत्ता लिहून घ्यायचा, तिथेच राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालायचं. मग दवाखान्यात गेलं तर बिलाच्या तीस टक्केच आपण द्यायचे. नोकरी करायची तर परवानगी काढून आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंत करता येते. फॉर्मवर पत्ता लिहिताना तो ट्यूटर शेजारी उभा राहून एकेक चित्राक्षर तपासत असतो. मला त्या वेळी फुजिनोंच्या लाल शाईची आठवण येते.

शैक्षणिक वर्ष मात्र एप्रिलमध्ये सुरू होतं. १९२१ पर्यंत जपानची शाही विद्यापीठंही सप्टेंबरला उघडत, मग ती शाळा आणि सरकारी हिशेबाच्या वर्षाशी जुळवून घेण्यात आली. त्यामुळे सप्टेंबरमध्ये पोहोचणारा आपला विद्यार्थी त्यांच्या वर्षाच्या मध्यात उतरतो. वर्गातल्यांचे गट आधीच जमलेले असतात. म्हणून शक्य असेल तर मी एप्रिलचाच प्रवेश सुचवेन. क्लबांमध्ये नव्या सदस्यांचं स्वागत तेव्हाच होतं, आणि तिरंदाजी असो की वाद्यवृंद, सगळेच त्या वेळी नवखे असतात.

१९८३ मध्ये जपानमध्ये परदेशी विद्यार्थी दहा हजारांच्या आसपास होते. सरकारने तेव्हा एक लाखाचं लक्ष्य धरलं, ते २००३ मध्ये गाठलं. २००८ मध्ये तीन लाखांचं धरलं, ते २०१९ मध्ये गाठलं. २०२४ मध्ये आकडा ३ लाख ३६ हजारांवर गेला, आणि आता २०३३ पर्यंत चार लाख हवे आहेत. त्याच योजनेत दुसराही एक आकडा आहे: पाच लाख जपानी तरुणांनी परदेशी शिकायला जावं. घरीच सगळं शिकता येऊ लागल्यावर तरुण बाहेर जाईनासे झाले, याची तिथे काळजी आहे.

ज्यांना जायचं आहे त्यांनी आधी आपल्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात चौकशी करावी. कुठल्या जपानी विद्यापीठाशी करार आहे आणि त्यात किती जागा आहेत, ते तिथे कळतं. बऱ्याच वेळा जागा असतात आणि अर्जच आलेले नसतात. जायच्या तारखेच्या आधी आठ-दहा महिने धरून चला, कारण निवड झाल्यावर पात्रतेचं प्रमाणपत्र जपानहून यावं लागतं आणि ते आल्यावर व्हिसा. भाषा येत नसेल तर इंग्रजीतले अभ्यासक्रम असतात, पण निघण्यापूर्वी निदान तो तक्ता पाठ करून जा. मराठी माणसाला त्यासाठी एक संध्याकाळ पुरते.